पोरांना कशाला मध्ये आणता?

आंदोलनात लहान मुलं दिसली की आपण लगेच चिडतो किंवा लगेच टाळ्या वाजवतो. न्याय मागायचा कसा हे त्यांना शिकवतं कोण, हा प्रश्न मात्र राहूनच जातो.

जून उजाडला की एक फोटो हमखास तुमच्या फीडमध्ये येतो. पंचायत समितीचं आवार. गणवेशातली पोरं ओळीत मांडी घालून बसलेली. समोर फळा नाही, फळ्याच्या जागी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या केबिनचं दार. खाली बातमी असते की शिक्षक मिळेना म्हणून पालकांनी थेट कार्यालयातच शाळा भरवली. गावाचं नाव बदलतं, तालुका बदलतो, फोटो जवळपास तोच राहतो. एसटी वेळेवर येत नाही म्हणून दप्तरं पाठीवर घेऊन रस्त्यात बसलेल्या मुलींचा फोटो हा त्याचाच भाऊ.

आता त्याच्या खालच्या कमेंट्स वाचा. अर्धी जनता ‘शाब्बास रे वाघांनो’ म्हणते. उरलेली म्हणते, ‘पोरांना कशाला मध्ये आणता?’

हा दुसरा प्रश्न फालतू नाही. मी इंटर्नशिपला लागल्यापासून अशा तीन-चार बातम्या टाइप केल्यात आणि प्रत्येक वेळी तो डोक्यात राहतो. पोरं तिथं स्वतःहून आली होती का? घोषणा कोणी लिहून दिली? उन्हात किती वेळ बसवलं? आणि मागणी मान्य झाल्यावर किंवा न झाल्यावर, नेमकं काय झालं हे त्यांना कोणी सांगितलं का?

दरेवाडीचंच घ्या. ऑक्टोबर २०२३. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली ही भाम धरणग्रस्तांची वस्ती. तिथली शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठवायचं ठरलं. मुलं आणि पालक नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाले, सोबत चक्क बकऱ्या. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’. म्हणजे शाळा काढून घेताय ना, मग आमची दप्तरंही घ्या आणि राखायला बकऱ्या तरी द्या. शाळा गेली की आदिवासी वाडीवरच्या पोराचं पुढं काय होतं, हे चार शब्दांत सांगणारी याहून नेमकी घोषणा मी तरी ऐकलेली नाही. त्याच सुमारास सरकारची समूह शाळांची योजना चर्चेत होती. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करायच्या. तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा होत्या आणि त्यात १ लाख ८५ हजार ४६७ मुलं शिकत होती. हे आकडे अनेक लेखांत आले, चर्चासत्रांतही आले. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? बकऱ्या.

ही घोषणा मुलांना सुचली असेल असं मी म्हणत नाही. मागे मोठी माणसं असणार, संघटना असणार, असतातच. पण मागणी कोणाची होती ते बघा. बंद होणारी शाळा मुलांची होती, चालत जायचं अंतर त्यांच्याच पायांनी कापायचं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. आपल्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पट साठपर्यंत असेल तरी दोन शिक्षक हवेत. म्हणजे पंचायत समितीत मांडी घालून बसलेली पोरं कोणाकडं मेहेरबानी मागत नसतात. कायद्यात जे आधीच लिहिलंय ते मागत असतात.

आता दुसरी बाजू. जुलै २०२२ मध्ये मुंबईत ‘आरे वाचवा’ आंदोलनात मुलं फलक घेऊन दिसली. तेव्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मुंबई पोलिसांना पत्र पाठवलं. आंदोलनात मुलांचा वापर झाला म्हणून आदित्य ठाकरेंवर गुन्हा नोंदवा, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी २०२० च्या सुरुवातीला दिल्लीत शाहीन बागेच्या आंदोलनात जाणाऱ्या एका जोडप्याचं चार महिन्यांचं बाळ थंडीनं दगावलं. त्यावर मुंबईतल्या एका शाळकरी मुलीनं थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की अशा ठिकाणी लहान मुलांना नेण्यावर बंदी आणा. त्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि चार महिन्यांचं बाळ काय आंदोलन करणार, अशा अर्थाचा प्रश्न विचारला.

यात गंमत काय आहे लक्षात आलं का? आंदोलनात मुलं नकोत हे सांगण्यासाठी त्या मुलीनं जे केलं तेही शांततेचं आंदोलनच होतं. तिनं एक चुकीची गोष्ट बघितली, ती कोणाच्या अधिकारात येते हे शोधलं, पत्र लिहिलं आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला उत्तर द्यायला लावलं. तिचं म्हणणं पटो न पटो, तिला हे कोणीतरी शिकवलं होतं.

चार महिन्यांच्या बाळाला थंडीत न्यायचं नाही, यावर वाद नको. पण ‘मुलांचा वापर’ हा शब्द आपण फार सोयीनं वापरतो, हेही तितकंच खरं. मतदार जागृतीची प्रभातफेरी काढायची असली की कोण लागतं? पोरं. हागणदारीमुक्त गाव करायचं होतं तेव्हा सकाळी सकाळी शिट्ट्या घेऊन कोणाला पिटाळलं? पोरांनाच. निवडणुकीच्या आधी आई-बाबांकडून मतदानाची संकल्पपत्रं भरून आणायचं काम शाळांमधून मुलांनाच मिळतं. पुढारी येणार म्हणून दोन तास उन्हात लेझीम घेऊन उभं राहिलेलं आठवतंय का तुम्हाला? मला आठवतंय. तेव्हा कुठल्याच आयोगाला पत्र गेलं नव्हतं. फलक हातात दिला आणि त्यावर सरकारचं म्हणणं असलं तर ते ‘संस्कार’. फलकावर सरकारला प्रश्न असला की तोच लगेच ‘वापर’ होतो.

मला वाटतं, प्रश्न फलकाचा नाहीच. पोराला विचारलं होतं का, त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं होतं का आणि ‘मला नाही यायचं’ म्हणायची सोय होती का, एवढ्यावरच सगळं ठरतं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असं आहे आणि पंधराव्यात शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क आहे. आपण सही केलेली आहे, बरं का.

आता करमाळ्याकडं येऊ, कारण या विषयावरची सगळ्यात भारी फ्रेम आपल्याच तालुक्यातून आली आहे.

‘फॅन्ड्री’. नागराज मंजुळे आपल्या जेऊरचे. जब्याचं काम केलेला सोमनाथ अवघडे केमचा, त्याला या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा फेब्रुवारी २०१४ मध्ये थिएटरला लागला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला त्यातलं प्रेमप्रकरण सोडून फारसं काही कळलं नव्हतं. या लेखासाठी परत बघितला. शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर भिरकावतो. पडदा काळा होतो. त्या दगडावर इतकं लिहून झालंय की मी वेगळं काय लिहिणार! पण या वेळी मी दगड सोडून दगडाच्या आधीचा सिनेमा बघत होते.

जब्या शाळेत जातो. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो. शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा आहेत. त्याच भिंतीसमोरून जब्याच्या घरचे मेलेलं डुक्कर उचलून नेतात. डुक्कर पकडायची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि ते सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर पळून जातं. म्हणजे न्यायाचा, समतेचा, देशाचा सगळा अभ्यासक्रम त्या गावात हजर आहे. अभंग आहे, फोटो आहेत, राष्ट्रगीत आहे. फक्त एक गोष्ट नाही. गावातली टगी पोरं बहिणीची छेड काढतात, वर्गातले सोबती टाळ्या पिटत बघतात, तेव्हा जब्यानं कोणाकडं जायचं? काय म्हणायचं? आपल्या बाजूनं कोण उभं राहणार, हे त्यानं कसं ओळखायचं? हे त्याला कोणीच, कधीच शिकवलेलं नाही. दुसरं काही हातातच नव्हतं, म्हणून दगड.

आणि आपण जब्याबद्दलच बोलत राहतो, पण टाळ्या पिटणाऱ्या वर्गमित्रांचं काय? तीही मुलंच आहेत. त्यांनीही तोच अभंग पाठ केलाय. माझ्या मते सामाजिक न्यायाचा धडा जब्यापेक्षा त्यांना जास्त गरजेचा होता. अन्याय सोसणाऱ्या पोराला अन्याय म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाजूला उभं राहून हसणाऱ्याला मात्र सांगावं लागतं, तेही लहानपणीच. एकदा मिसरूड फुटली आणि ग्रुप ठरला की कोणी ऐकत नाही. आपल्या वयाच्या मुलांची स्टेटस बघा, कळेल.

ज्या चोखोबांचा अभंग जब्याच्या वर्गात आहे, त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मंदिराच्या बाहेर. शेकडो वर्षं त्यांच्या समाजाच्या वारकऱ्यांना तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरावं लागायचं. ते बदललं १९४७ मध्ये आणि ते कसं बदललं हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला माहीत हवं, असं मला मनापासून वाटतं.

साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, तनपुरे महाराजांच्या मठात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंदिर सगळ्यांना खुलं करण्याचं आश्वासन मिळालं आणि उपोषण सुटलं. शाळेत आपल्याला एवढंच सांगतात, तेही सांगितलं तर. पण उपोषणाच्या आधीचे महिने जास्त महत्त्वाचे आहेत. गुरुजी गावोगाव फिरले. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक सोबत होतं, गाणी होती, पोवाडे होते, सभा होत्या. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपापली देवळं आणि विहिरी आधीच खुल्या केल्या. म्हणजे पंढरपूरचं दार उघडायच्या आधी कितीतरी छोटी दारं उघडली होती. खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवायचा सल्ला दिला होता आणि गांधीजींना मानणाऱ्या गुरुजींनी तो नम्रपणे बाजूला ठेवला. शांततेनं विरोध करायचा म्हणजे सगळ्यांचं सगळं ऐकायचं असं नसतं, हे यातून मस्त कळतं.

सेवा दल १९४१ पासूनचं. संध्याकाळची शाखा, खेळ, गाणी, श्रमदान. सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र खेळतात, एकत्र डबा खातात. ‘सामाजिक न्याय’ हा शब्द न उच्चारता तो अंगवळणी पडतो. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांची अंथरुणं आवरून ठेवायचे. मग लाजून मुलं स्वतः आवरायला लागली. सात-आठ वर्षांच्या पोराला सत्याग्रह समजावून सांगायचा असेल तर मी पंढरपूरच्या आधी ही अंथरुणांची गोष्ट सांगेन. आपण आधी करून दाखवायचं आणि समोरच्याला लाज वाटेल एवढी जागा ठेवायची. सत्याग्रहाचा गाभा हाच आहे ना?

उलट, आपण मुलांना गोष्टी सांगतो त्या गोळीच्या. नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२. सोलापूरचे चार हुतात्मे, १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले. या गोष्टी सांगायलाच हव्यात, प्रश्नच नाही. पण फक्त शेवटचा क्षण सांगितला की पोरांना वाटतं, अन्यायाविरुद्ध उभं राहणं म्हणजे मरणं. त्याआधीच्या प्रभातफेऱ्या, बैठका, पत्रकं वाटणं, कोणी काय करायचं हे ठरवणं, हे सगळं वगळलं जातं. खरं तर पोरांना जमण्यासारखं तेच असतं.

आणि मुक्ता साळवे. हे नाव तुमच्या घरातल्या चौथीच्या पोरीला माहीत नसेल तर आजच सांगा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, जो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. निबंध म्हणजे आपल्याला ‘माझा आवडता ऋतू’ वाटतो. तिनं त्यात धर्माला, पेशवाईला, उच्चवर्णीयांना सरळ प्रश्न विचारले. तिच्याबद्दल एक आठवण अशी सांगितली जाते की कौतुक म्हणून तिला खाऊ दिला तेव्हा तिनं खाऊ नको, ग्रंथालय द्या असं म्हटलं. पावणेदोनशे वर्षं होत आली. खाऊ नको, ग्रंथालय द्या. दप्तर घ्या, बकऱ्या द्या. दोन्हीत मागण्याची पद्धत किती सारखी आहे बघा.

जगात बघायचं तर अमेरिकेतलं बर्मिंगहॅम, मे १९६३. वर्णभेदाविरुद्ध हजाराहून जास्त शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. ते फोटो बघून देश हादरला. पण त्या मुलांना आधी चर्चमध्ये बसवून धडे दिले होते. कोणी ढकललं तर काय करायचं, शिवी दिली तर काय करायचं. तरीही माल्कम एक्ससारख्या नेत्यानं मुलांना पुढं केल्याबद्दल कडक टीका केली होती. म्हणजे ‘पोरांना कशाला मध्ये आणता’ ही कमेंट साठ वर्षांपूर्वीही होतीच. माझं मत विचाराल तर जिथं लाठी, दगड, पळापळ होण्याची शक्यता आहे तिथं बारा-तेराच्या आतलं पोर नकोच. इतिहास घडत असला तरी नको.

आपल्या भागातलं आणखी एक. २०१६ ला शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीची घटना घडली आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात मराठा मूक मोर्चे निघाले. मी तेव्हा सातवीत होते. लाखोंची गर्दी आणि घोषणा नाही, हे आमच्या वयाच्या मुलांसाठी नवीनच होतं. निवेदन द्यायला पुढं मुली होत्या. मोर्चा गेल्यावर रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणारी पोरं होती. मागण्यांवर तुमचं-माझं मत काहीही असो, पण शांत राहूनही दणका देता येतो हे आमच्या पिढीनं तिथं बघितलं. मग ते विसरलो कधी? बहुतेक मोबाईल हातात आल्यावर. आता निषेध म्हणजे कोणाच्या तरी रीलखाली शिवी.

बरं, मग लहान पोरांना शिकवायचं कसं? इथं मी माझ्या मावशीचा किस्सा सांगते. ती करमाळा तालुक्यातल्या एका वाडीवर दोन शिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग. तिनं एकदा पोरांना विचारलं की तुम्हाला काय काय अन्याय वाटतो ते लिहा. पहिली यादी अपेक्षेप्रमाणेच आली. दादा मोबाईल देत नाही. आई धाकट्याला आधी वाढते. खिचडीत शेंगदाणे कमी असतात. पण एका मुलीनं लिहिलं की वर्ग रोज आम्ही मुलीच झाडतो आणि मुलं फक्त पाण्याची बादली आणतात. मावशी म्हणते, मलाच कधी खटकलं नव्हतं. मग वर्गात त्यावर चर्चा, आरडाओरडा आणि मतदान झालं. मतदानात मुलं जास्त असल्यामुळं मुली हरल्या. आता काय? मग मावशीनं बहुमत आणि न्याय यातला फरक त्यांना समजावला. (मला तो बीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकवला, तोही नीट कळला नव्हता.) मुलींनी दुसऱ्या दिवशी झाडू भिंतीला उभा ठेवला आणि शांतपणे जागेवर बसल्या. तीन दिवस वर्ग तसाच. चौथ्या दिवशी मुलांनीच पाळीचा तक्ता बनवला.

पुढची पायरी मला जास्त आवडली. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. पोरांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. मावशीनं त्यांना दोन प्रती करायला लावल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायला शिकवलं. शिक्का, सही, तारीख. नऊ वर्षांची पोरं ग्रामपंचायतीत जाऊन ‘पोहोच द्या’ म्हणतात हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्यातल्या किती जणांना हे येतं? कॉलेजात स्कॉलरशिपचे अर्ज आपण असेच खिडकीत टाकून येतो आणि मग ‘मिळालाच नाही’ हे उत्तर ऐकतो.

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. मग स्मरणपत्र. त्यावरही पोहोच. अजून नळाला पाणी नाही. हे सगळ्यात अवघड आहे आणि यावर माझ्याकडं गोड उत्तर नाही. पोरं विचारतात, बाई, आपण सगळं नीट केलं, मग पाणी का नाही आलं? इथं दोन सोपे रस्ते आहेत. एक, ‘सिस्टीमच अशी आहे’ म्हणून हात झटकायचे. दुसरा, कोणाला तरी फोन करून टँकर मागवायचा आणि पोरांना जिंकल्याचा आनंद द्यायचा. मावशीनं दोन्ही केलं नाही. तिनं सांगितलं की पहिल्या पत्राला उत्तर नाही आलं म्हणजे पत्र चुकलं असं नाही. गुरुजी किती महिने फिरले ते सांगितलं.

शाळा व्यवस्थापन समिती नावाची गोष्ट कायद्यातच आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात आणि आपल्या राज्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही घेतात. तुमच्या भावा-बहिणीच्या शाळेत ते कोण आहेत, विचारून बघा. बऱ्याचदा त्या पोराला स्वतःलाच माहीत नसतं. नाव फक्त फलकावर रंगवलेलं.

आणि काही प्रश्न असे असतात की ते पत्रानं सुटणारे नसतात, पण मुलांना विचारू तरी द्यावेत. २१ मे २०२४. आपल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली. सहा जण गेले, त्यात दोन चिमुकली होती. त्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या भाच्यानं विचारलं, ते बोटीत का बसले? कारण पलीकडं जायचं होतं. मग पूल का नाही? घरात सगळे गप्प. आपण अशा वेळी ‘देवाची मर्जी’ म्हणून विषय संपवतो. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, भीमेचं पात्र इथं समुद्रासारखं पसरलं. करमाळ्याच्या काठच्या गावांनी जमिनी दिल्या, घरं दिली. पलीकडची नातीगोती, बाजार, दवाखाना पाण्यापलीकडं राहिला. धरणाचा फायदा कोणाला झाला, गेलं कोणाचं आणि ज्यांचं गेलं त्यांना पुलासाठी किती वर्षं मागणी करावी लागते, हे सात वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगता येतं. मी नकाशा काढून सांगितलं. त्यानं नकाशावर पेन्सिलनं पूल काढला. मग खाली लिहिलं, ‘कोणी बांधायचा?’

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून पोरंच, आम्ही कोणाला शिकवणार? पण वाडीवरच्या लहानग्यांना आई-बापापेक्षा दादा-ताईचं जास्त पटतं, हे आपल्याला माहीत आहे. ते तुमची रील बघतात, तुमच्या शिव्या शिकतात. गल्लीत कोणाला खेळायला घेत नाहीत ते तुम्हाला दिसतं, त्यांनाही दिसतं. तिथं तुम्ही काय करता, तेवढंच ते उचलतात. एक विनंती मात्र आहे. पोरांनी काही चांगलं केलं, पत्र दिलं, झाडू उभा ठेवला, तर लगेच त्यांचे चेहरे रीलमध्ये टाकू नका. व्हायरल झालं की ते पोरांचं राहत नाही, तुमचं होतं. कमेंट वाचायला पोरंच बसतात.

आणखी एक गोष्ट. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडं ग्रामसभा होतात. झेंडावंदन झालं की पोरं जिलेबी घेऊन घरी पळतात आणि त्याच दिवशी, त्याच गावात, पाणी कुठं आणि निधी कुठं याची चर्चा होते, किंवा झाल्याचं वहीत लिहिलं जातं. ग्रामसभेत पोरांना मत नाही. पण मागं बसून ऐकायला कोण हरकत घेणार? घेतलीच तर तेही पोरांना बघू द्या.

मावशीच्या वर्गाचं तिसरं पत्र तयार आहे. या वेळी ते पोस्टात किंवा खिडकीत न देता ग्रामसभेत वाचून दाखवायचं ठरलंय. सरपंचांनी ‘बघू’ म्हटलंय. पत्र कोण वाचणार, यावरून सध्या वर्गात जोरदार भांडण सुरू आहे.